खिडकीजवळची मशीन

शिलाईच्या कातरणांसारखंच किश्शांचं असतं. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा पायाखाली हजर! दारव्ह्याच्या आमच्या सेंटरात आम्ही आठ जणी शाळेचे गणवेश शिवतो. मी सातवी शिकलेली, पण खिडकीजवळची मशीन माझी. तिला माझी लाल चिंधी बांधलेली असते. जिची चिंधी, तिची मशीन, हा आमचा नियम.

बाळंतपणासाठी मी तीन महिने सुट्टी मागितली. सेंटर चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तुले देतो. मशीनलेबी सुट्टी देऊ का मंग?"

सगळ्या हसल्या. मला मात्र एकच घोर, तिथं नवी पोरगी बसवली तर?

तेवढ्यात आमचे कटिंग मास्टर रफिकभाई बाप झाले. त्यांनी आठ दिवस मागितले. आमच्यातली कांताबाई म्हणे, "काहून जी, दूध तुम्ही पाजता काय?"

"दूध सोडून बाकी समदं मीच करून राह्यलो!"

आठ दिवस कटिंग बंद. आम्ही नुसती बटणं लावत बसलो. ते परत आले, तर मॅडमनं त्यांना सुपरवायझरच केलं! "बाप झाला, आता जबाबदारीनं वागन." अन् मला? "तू आई होऊन राह्यली, आता तुयं ध्यान घरीच राहन." एकाच तोंडानं!

आमचे हे गॅरेजात आहेत. बाळ झाल्यावर त्यांनी चार दिवस सुट्टी घेतली, तर मालकाचा फोन, "बाळंतीण तू हायेस का बायको?"

"बायको. पण लंगोट मी बदलून राह्यलो!"

लंगोटाची गाठ अशी आवळलेली, की मला कात्री घ्यावी लागली. विचारलं, तर म्हणे, "ढिला राह्यला तं लीक होईन ना!"

माझं वेगळंच. बाळ झोपलं की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. ते दचकून उठायचं, रडायचं. शेवटी सासूबाई ओरडल्या, "जित्ता हाय तो! झोपू दे त्याले!"

तीन महिन्यांनी बाळाला सासूबाईंकडे ठेवून सेंटरात गेले. खिडकीजवळ मशीन तशीच! लाल चिंधीही होती, अन् वर रफिकभाईंच्या अक्षरात पाटी, "बिघडली आहे. बसू नये."

माझा चेहराच उतरला. रफिकभाईंनी पाटी काढली अन् म्हणाले, "बस."

पाय ठेवला मात्र, मशीन सरसर चालली! मॅडम धावत आल्या. "अरे, तीन महिने बंद होती ना हे? कामाले आलेल्या तीन पोरी वापस पाठवल्या मी! काय झालतं इले?"

रफिकभाईंनी कापडावरून नजरही उचलली नाही. "काही नाही मॅडम. सुट्टीवर होती."