डब्यावरचा पांढरा पंजा

"पोट्टी आंदर एकटी नाही व," दाराबाहेर मोठीआई माझ्या आईला कुजबुजत होती. "दुपारचे दोन वाजले का तिच्यासंग कोनीतरी राहते."

मी आत एकटीच होते. म्हणजे कानात इअरफोन होते आणि फोनवर आणखी पाच जणी होत्या, पण त्यांतली एकही सौंदडला राहत नव्हती.

"काय म्हनून राहिली?" आईनं विचारलं.

"म्हने, काल नऊ झाले. आज सकाळपासून सहा. आता अंगात काहीच उरलं नाही म्हने!" मोठीआईचा आवाज कापला. "नऊ जन व! एका पोट्टीच्या मागं!"

(तो आकडा संडासच्या फेऱ्यांचा होता. पण हे दार उघडून सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्याकडे कधीच नव्हतं.)

मला सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हाचा एक कणही पोटात गेला की आतडी संप पुकारतात. नागपूरच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि म्हणाले, "तुम्ही नशीबवान. धानाच्या मुलखातल्या आहात, भात खा आणि मजेत राहा!" त्यांनी मोठीआईला पाहिलं नव्हतं. मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको आणि आमच्या घराचं सर्वोच्च न्यायालय. तिच्या मते भात हे रोजचं पोट भरायचं काम आहे, ताकद येते ती गव्हानंच. पाहुणा आला की पोळी, बाळंतिणीला पोळी, आजाऱ्याला तुपातला कणकेचा शिरा. आणि वाळत चाललेल्या पुतणीला गहू द्यायचा नाही? असं औषध तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

आईनं तिला एकदा सांगून पाहिलं. "डॉक्टरनं गहू मना केला, बाई."

"किती दिवस?"

"जनमभर."

"डॉक्टर बदला," मोठीआई म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. आईनं निमूट कोथिंबीर निवडायला घेतली. (माझा बुजरेपणा कुठून आला हे शोधायला कुठल्याही तपासणीची गरज नाही.) मी गोंदियाच्या इंग्लिश मीडियम शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं होतं, पण ते इंग्रजीत, अनोळखी लोकांसमोर. घरच्यांसमोर मराठीत "मला जुलाब होतात" म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते.

म्हणून ते दुपारचे फोन. आम्ही सहा जणी, सगळ्यांना हाच आजार. नियम एकच : "बरी आहे" म्हणायचं नाही. आधी आकडा सांगायचा, लाजायचं ते नंतर. सालेकशाच्या एक ताई आमच्या म्होरक्या होत्या. कुठल्या दुकानाच्या हिंगात मैदा असतो इथपासून मोहफुलं आणि तांदळाचं पीठ घालून गोड काय करायचं इथपर्यंत त्यांना सगळं ठाऊक. मी घरात बारा तासांत जितकं बोलायचे त्याच्या दुप्पट त्या एका तासात बोलायचे, तेही कुजबुजत. बाहेरून ते कसं ऐकू येत असेल, याचा विचार मी केलाच नाही.

ताईंच्या सांगण्यावरून मी स्वतःचा वेगळा डबा केला. तांदूळ स्वतः धुतले, वाळवले, चक्की आधी साफ करून घेऊन दळून आणले. डबा माझ्या खोलीबाहेरच्या फळीवर. त्यातल्या पिठाची भाकर, भात, वरण, बस्स! आणि तरी मी खंगत चालले. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "तीन आठवड्यांत वजन वाढलं नाही, तर भरती व्हावं लागेल." पथ्य इतकं कडक, की मी देवळातला प्रसादसुद्धा मुठीत धरून घरी आणायचे आणि चिमण्यांना टाकायचे. मग माझ्या पोटात जात होतं तरी काय?

तेव्हाच तो पंजा दिसला.

दुपारचे तीन. फोन संपवून मी बाहेर आले. ओसरीवर मोठीआई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आई शेतावर. अंगणात कुत्रंही हलत नव्हतं. दूर रुळांवरून मालगाडी गेली आणि फळीवरची भांडी आपापसांत काहीतरी बोलून गप्प झाली. माझ्या डब्याच्या झाकणावर पिठाचा हात उमटला होता. चार बोटं, स्पष्ट. मी माझा हात त्यावर धरून पाहिला. तो माझ्या हातापेक्षा मोठा होता.

मी पुसला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा होता. तिसऱ्या दिवशीही! मी बी.एस्सी. आहे, हे मी त्या आठवड्यात स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी त्यावरचाही विश्वास उडाला. पाचव्या दिवशी मी मोठीआईच्या कपाटातलं मंतरलेलं लिंबू काढून उशीखाली ठेवलं. (लिंबू पथ्याला चालतं, याची आधी खात्री करून घेतली.)

शेवटी मी पंजाचा फोटो काढून गटात टाकला. त्या दुपारी फोनवर सगळ्यांनी तो मोठा करून पाहिला. मग ताई हळूच म्हणाल्या, "एक सांग. तू मागं भाकरीचे फोटो टाकले होते ना?"

टाकले होते. तांदळाची भाकर थापताना कडेला फाटते, उचलताना तुटते. पण गेल्या दोन आठवड्यांत माझ्या भाकरी चंद्रासारख्या गोल आणि रुमालासारख्या मऊ होत होत्या. मी रोज फोटो टाकत होते, वर "हाताला वळण लागलं!" असं लिहीत होते, आणि पाचही जणी मला लाल बदाम पाठवत होत्या.

"नुसत्या तांदळाची भाकर अशी होत नाही, बाळा," ताई म्हणाल्या. "त्यात कनिक आहे."

मी इअरफोन काढून दाराकडे पाहिलं. म्हणजे कोणीतरी रोज दोन ते तीनच्या मध्ये, मी बोलत असताना, माझ्या दारापाशी उभं राहून...

दार उघडलं तर अंगणात तीस माणसं होती!

मधोमध पाट, लोबानाचा धूर, आणि मोठीआईनं बोलावलेले, झाडफूक करणारे म्हातारे बैगा डोळे मिटून बसलेले. बाबांना त्याच दिवशी गोंदियाला अतिशय महत्त्वाचं काम निघालं होतं. शेजारच्या बायकांनी मला धरून पाटावर बसवलं. धुरातून ओळखीचे सगळे चेहरे अनोळखी दिसत होते.

"कोन आहेस तू?" बैगा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. "बोल! कायले धरलं पोट्टीले?"

मी पाटाची कड घट्ट धरून बसले.

"हट्टी आहे," बैगा म्हणाले.

"लय हट्टी," गर्दी म्हणाली.

"भुकेलं असन ते," बैगांनी निदान केलं. "खाऊ घाला."

मोठीआई पुढे आली. तिच्या हातात तुपानं थबथबलेला कणकेचा शिरा होता आणि डोळ्यांत पाणी. "खाय व माय," ती माझ्या आतल्या कोणालातरी म्हणाली. "पोटभर खाय, पन तिले सोड. पंधरा दिवस झाले, रोज मूठमूठ कनिक टाकून राहिली मी तिच्या डब्यात, तिले ताकद यावी म्हनून. कोनी पाहीन म्हनून पिठाच्याच हातानं झाकन दाबून पळून राहिली. तरी पोट्टी वाळूनच राहिली! सारं तूच खाऊन राहिली का व?"

तो पंजा तिचा होता. त्या क्षणी मला तिचा राग यायला हवा होता. आलं ते रडूच. पण घास ओठांपर्यंत आला होता, तुपाचा वास नाकात शिरला होता, तीन आठवड्यांतला एक उलटून गेला होता, आणि आई, माझ्यासारखीच बुजरी, पदर तोंडात धरून खांबामागे उभी होती.

मी ओरडले.

"कणीक नको!"

अंगण गारठलं. एक बाई मटकन खाली बसली. दोष त्यांचा नाही. माझा मोठा आवाज त्या गावात कधी कोणी ऐकलाच नव्हता. तो जाड होता, घोगरा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो माझा वाटला नाही!

"बोललं!" बैगा हात जोडून म्हणाले. "अजून काय पायजे, महाराज?"

बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पुढच्या शब्दासाठी तीस माणसं श्वास रोखून थांबली होती. डॉक्टरांची चिठ्ठी घरात कोणी वाचली नव्हती. इथे मात्र शेजारच्या मास्तरांनी खिशातून पेन काढलं.

"माझ्या डब्याला कोणी हात लावायचा नाही! पोळपाट वेगळा! चाळणी वेगळी! जन्मभर!"

"देतो माय, सारं देतो," मोठीआई शिऱ्याचं ताट दूर सारत म्हणाली. (तिनं दिलंही. महिन्याच्या शेवटी काटा वर सरकला आणि त्याचं श्रेय बैगांना गेलं.)

"आनि कोंबडं?" बैगांनी अदबीनं विचारलं. "कोंबडं नाही लागत का?"

इथे मी सगळ्यांना खरं सांगायला हवं होतं. आजाराचं नाव, डॉक्टर, फोनवरच्या पाच जणी, संडासचे आकडे, सगळं. मी खोल श्वास घेतला, डोळे मोठे केले आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लागतं! पण रस्सा घट्ट करायला कणीक घालायची नाही!"