टॉवर नसलेलं गाव

"विमान चांगलं चालवते ती. पण ती कुठे आहे ते कुणालाच कळत नाही."

माझ्या इन्स्ट्रक्टरबाई आत कुणाला तरी हे सांगत होत्या आणि मी विमानं ठेवायच्या हँगरच्या दाराबाहेर कॉफीचे दोन कप घेऊन उभी होते. आत गेले तर ऐकलं हे कळणार, न गेले तर कॉफी गार होणार. मी गार होऊ देणार होते. तेवढ्यात आतून एक जाडसर आवाज आला, "दार उघडंच आहे, पोरी."

शिकागोजवळून उडून तासाभरात आम्ही विस्कॉन्सिनच्या आतल्या भागात उतरलो होतो. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांनी वसवलेलं हे गाव. पांढरं चर्च, धान्याची उंच कोठारं, एक दुकान, चहूकडे मका, आणि मक्याच्या मधोमध गवताची धावपट्टी. गावाला नॉर्वेतल्या कुठल्याशा दरीचं नाव आहे. स्पेलिंग बघून जे म्हणावंसं वाटतं ते इथे कुणीच म्हणत नाही.

विमान शिकायला का लागलीस, असं कुणी विचारलं की मी "असंच" म्हणून विषय संपवते. खरं कारण असं की वर बोलावं लागत नसेल, अशी माझी समजूत होती. ऑफिसच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी. सकाळी निघताना माझी नागपूरची रूममेट म्हणाली होती, "शनिवारी लोक डेव्हनच्या देशी बाजारात जातात भाजी आणायला, अन् तू चालली गवतात उतरायला! माझ्याशी तर धड बोलत नाहीस यार, विमानाशी बोलते का?"

नेमकं तेच तर अडलं होतं. या गावच्या धावपट्टीला टॉवर नाही. आता उतर, आता थांब, असं सांगणारं कुणी नाही. धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारायची आणि प्रत्येक बाजूला वळताना रेडिओचं बटण दाबून आपणच सांगायचं: गावाचं नाव, आपलं विमान, आपण कुठे आहोत. बाकीची विमानं ते ऐकून आपापली वाट ठरवतात. एक अख्खी फेरी मी न चुकता बोलले, तर पुढच्या शनिवारी बाई विमानातून उतरणार होत्या आणि मला पहिल्यांदा एकटीला उडू देणार होत्या. नाही बोलले, तर नाही. इथे येण्याची ही तिसरी खेप होती. सकाळी मी तीनदा बटणावर बोट ठेवलं होतं आणि तीनदा माझ्याऐवजी बाई बोलल्या होत्या.

आत एक म्हातारे शेतकरी बसले होते; तो जाडसर आवाज त्यांचाच. त्यांच्या एका बाजूला जुनं मळणीयंत्र होतं, दुसऱ्या बाजूला पिवळं फवारणीचं विमान. धावपट्टीची जागा त्यांच्या वडिलांच्या गवताच्या कुरणातली. बर्फात रस्ते बुजले की डॉक्टर विमानानेच यायचा, म्हणून वडिलांनी ती सपाट करून दिली. तिच्यावरचं गवत अजूनही हेच कापतात. "कापलेलं गवत गायींना," ते म्हणाले. "विमानं त्याबद्दल तक्रार करत नाहीत."

बाई कॉफी घेऊन पेट्रोल भरायला बाहेर गेल्या. मला वाटतं, मुद्दामच गेल्या.

"इंग्रजी तर माझ्यापेक्षा चांगलं बोलतेस," म्हातारे म्हणाले. "मग अडतं कुठे?"

"रेडिओवर आधीच कुणीतरी बोलत असतं. त्यांचं संपलं की बोलावं, म्हणून मी थांबते."

"आणि?"

"तोपर्यंत वळण येऊन जातं."

ते हसले नाहीत. मला त्यांचं ते फार आवडलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे मी घरी शिकले. शाळेत हात वर करून बसायचं आणि टीचरनी नाव घेतलं की उभं राहायचं, हे आमच्या इंग्लिश मीडियमने पक्कं केलं. चोवीस वर्षांत मी कुणी न विचारता बोलल्याचं मला आठवत नव्हतं. रेडिओवर माझं नाव घेणारं कुणी नव्हतं, आणि मी हात वर करून बसले होते.

"आमच्या घरी जेवताना कुणी बोलत नसे," म्हातारे कपात बघत म्हणाले. "मीठ हवं असेल तर मिठाकडे बघायचं. कुणाच्या तरी लक्षात यायचं."

"आणि नाही आलं तर?"

"अळणी खायचं." मग कप खाली ठेवून म्हणाले, "फवारणीच्या पहिल्या वर्षी मी वरही तसाच होतो. उगीच कशाला बोला! एके सकाळी दुसरं विमान माझ्या इतक्या जवळून गेलं की शेपटीवरचा नंबर वाचता आला. त्याची काही चूक नव्हती. त्याला वाटलं, आकाश रिकामं आहे. तसं मीच वाटू दिलं होतं."

मी पिवळ्या विमानाच्या शेपटीकडे पाहिलं.

"तेव्हापासून वर बोलतो," ते म्हणाले. "घरी अजून नाही. बायकोला विचार."

अर्ध्या तासाने आम्ही पुन्हा वर होतो. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि त्या खिडकीबाहेर मका बघत होत्या. पहिल्या वळणावर रेडिओ शांत होता. मी बोलले. आवाज चिरका आला, पण आला. धावपट्टीला समांतर जाताना पुन्हा बोलले. तिसऱ्या वळणावरही.

आणि मग हवेतलेच कुणी दोघं मित्र बोलू लागले. एकाचं गवत अजून ओलं होतं. दुसऱ्याच्या मते दोन दिवस ऊन मिळालं तर वाळेल. पहिल्याला सोमवारी पाऊस वाटत होता. दोघंही माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे असावेत. मधेच पहिला म्हणाला की तो गावापासून तीन मैलांवर आहे आणि फेरी न मारता सरळ उतरायला येतोय. लगेच दुसऱ्याने पुन्हा पावसाचं काढलं.

समोर धावपट्टी दिसू लागली होती, दोन शेतांच्या मधली फिकट हिरवी पट्टी. मी बाईंकडे पाहिलं. त्या मक्याकडेच बघत होत्या, पण त्यांचा जबडा आवळलेला होता. रेडिओवर दोन जणांनी एकाच वेळी बटण दाबलं की कुणालाच काही कळत नाही, नुसती किंकाळी ऐकू येते. म्हणून मी फक्त त्या पावसावर बोलणाऱ्याने बटण सोडून श्वास घ्यायची वाट पाहिली. वाक्य संपायची नाही.

त्याने श्वास घेतला. मी बटण दाबलं, गावाचं नाव माझ्या तोंडात जसं बसलं तसं घेतलं, आणि म्हणाले, "मी पांढऱ्या विमानात आहे. शेवटचं वळण घेतलंय, धावपट्टी समोर आहे. आधी मी उतरतेय. सरळ येणारे, तुम्ही माझ्या मागून या."