न दिसणारा ऑर्गन

रत्नागिरीतला सर्वांत मोठा ऑर्गन माझ्या मामेसासऱ्यांच्या घरी होता आणि तो कुणालाही दिसत नसे, हे मी शपथेवर सांगू शकतो. मामा बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. तरुणपणी त्यांची बोट दुरुस्तीसाठी इंग्लंडच्या एका लहानशा बंदरात तीन आठवडे अडकली. थंडी चुकवायला म्हणून ते एका चर्चमध्ये शिरले आणि तिथला भिंतभर नळ्यांचा ऑर्गन ऐकून बाहेर आले ते कायमचे बिघडून. पुढे बंदर येईल तिथे पाद्र्यांच्या हातापाया पडून ते वाजवायला शिकले. निवृत्त होऊन घरी बसल्यावर, दोन हजार चारच्या सुमारास, त्यांना कळलं की तसल्या एका ऑर्गनची नळी न् नळी कुणीतरी ध्वनिमुद्रित करून सीडींवर विकायला काढली आहे. त्या सीडी कॉम्प्युटरात भरायच्या, दोन कीबोर्ड एकावर एक मांडायचे, आणि पट्टी दाबली की इंग्लंडमधली नळी रत्नागिरीत बोलते. पायांनी वाजवायच्या पट्ट्या तेवढ्या मिळेनात. त्या होड्या बांधणाऱ्या एका मिस्त्रीने फणसाच्या लाकडातून करून दिल्या. हे नक्की कशासाठी, असं त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मामांनी खरं उत्तर दिलं, तेव्हा त्याने विचारणं सोडलं.

मामांची आवडही सरळ नव्हती. जे संगीत इंग्लंडात चार लोकांना ठाऊक असेल ते त्यांना सवंग वाटे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कुठल्याशा खेड्यातल्या वादकाने रविवारच्या प्रार्थनेआधी वाजवायला लिहिलेले आणि नंतर सगळ्यांनी विसरलेले तुकडे, हे त्यांचं दैवत. “हे आता तिथेही कुणी वाजवीत नाही, जावईबापू,” असं ते अभिमानाने सांगत, तेव्हा तिथल्या लोकांचं बरोबर असेल अशी शंका मला येई. पण जावई असल्याने मी ती गिळत असे. त्यात त्या चर्चचा घुमाराही सीडीत आलेला. मामांनी हात उचलले तरी पाच-सहा सेकंद सूर घरभर हिंडत राही. वाजवताना त्यांना पातळ तळव्यांचे बूट लागत. घरात बूट म्हटल्यावर मामींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला की हे बूट उंबऱ्याबाहेर पडायचे नाहीत, आणि तेव्हापासून ते जवळजवळ सोवळ्यात गेले.

एवढ्या खटाटोपात मामांना हवं होतं एकच. एखादा तुकडा कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा. पाहुणे तिसऱ्या मिनिटाला भाट्याच्या पुलावरची गर्दी, आंब्याचा मोहर, काहीतरी काढत. मीही त्यातलाच होतो, हे कबूल करायला हवं.

आता रत्नागिरीत ऑर्गन या शब्दाला एकच अर्थ आहे. संगीत नाटकात साथीला असते ती पायपेटी. तेव्हा मामांकडे ऑर्गन असल्याची बातमी फिरत फिरत एका नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींपर्यंत गेली, आणि त्यांचा पेटीवाला ऐन कार्यक्रमाच्या आधी आजारी पडल्यावर ते मामांच्या दारात येऊन उभे राहिले. साथ करीन, पण सुरुवातीला दहा मिनिटं मी एकटा वाजवीन, अशी मामांनी अट घातली. सेक्रेटरींनी ती न ऐकल्यासारखी मान्य केली. या शब्दाचे दोन्ही अर्थ ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो, आणि गंमत बघावी म्हणून मी गप्प बसलो.

कार्यक्रमाला सगळं सामान टेम्पोतून नेलं. बूट मात्र धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मामींनी स्वतः आणले. रंगमंचावर पादत्राणं चालत नाहीत, असं सेक्रेटरी म्हणाले. ते बूट तुमच्या रंगमंचापेक्षा स्वच्छ आहेत, असं मामींनी त्यांना ऐकवलं.

मामा वाजवायला लागले. तीन भागांचा, अकरा मिनिटांचा तुकडा. माणूस जीव ओतून वाजवत होता आणि प्रेक्षागृहात लोक ओळखीपाळखी काढत होते. दुसऱ्या भागात तबलजीने हातोडी काढून तबला मिळवायला घेतला. शेवटचा सूर घुमत घुमत विरला. सेक्रेटरी समाधानाने माइकपाशी आले.

“लागली वाटतं पेटी. चला, आता सुरू करूया.”

टाळ्या पडल्या त्या यावर. मामांनी पुढे दोन तास मुकाट्याने साथ केली.

परतताना मला फार शरम वाटत होती. छान झालं, असं मी म्हणालो. कुठला भाग आवडला, असं त्यांनी विचारलं आणि मला सांगता येईना. मग मामीच बोलल्या.

“दुसऱ्या भागात डाव्या हाताची ती उतरती जागा आज गाळलीत. घरी कधी गाळत नाही.”

मामा वळून त्यांच्याकडे बघत राहिले. “तुला कसं कळलं?”

“रोज ऐकत्ये मी.”

“मग इतके दिवस बोलली नाहीस ती?”

“मधे कशाला बोलायचं? वाजवत असता ना तुम्ही.”

आपली चूक दाखवल्यावर इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता मामा नाहीत. तो कॉम्प्युटरही बंद पडला आणि आम्हां कुणाला चालू करता आला नाही. मागे एकदा मी मामींना विचारलं, तो तुकडा आठवतो का. त्यांनी जरा लाजत गुणगुणायला सुरुवात केली. त्यांना तिन्ही भाग येत होते. मी शेवटपर्यंत ऐकला, आणि खरंच सांगतो, तो फार सुंदर आहे.