पानी पेनारा गोटा

हे मी आजवर कोनालेच नाई सांगतलं. पोराले नाई, देवापुढं बी नाई. तुमी बसलेच आहा तं आयका —

आमचं घर न्हाव्याचं, गोंडपिपरीकडचं. सासरा मेला तवा त्याच्या धोकटीत वस्तऱ्याले धार लावाचे दोन गोटे निंगाले. दोनी करडे, दोनी तळहाताएवढे. कोन्या नाल्यातून आनले, त्यानं कदी सांगतलं नाई. पन एकावर वस्तरा फिरवला का केस आपोआप उतरे. दुसरा नुसता घासाले. कोनता कोनता — ते सासऱ्यालेच समजे, असं समदे म्हनत.

मी बी वळखत होती. रोज ते गोटे धुवाचं काम कोनाचं? चांगल्यावर पान्याचा थेंब उभा राहे. दुसरा पिऊन टाके. एवढंच. कोनी इचारलं नाई, मी बोलली नाई.

मंग वाटनी झाली. माहा नवरा अन् धाकटा दीर देवाजी, दोघं बी गोटे उलटेपालटे करून थकले. देवाजीच म्हने, "वैनी, तू उचलून दे. तू देशीन ते माहं."

अन् मी — मी पानी पेनारा उचलला. त्याच्या हातात देल्ला.

घरात भूक होती म्हनू? नोती. कोठीत धान होतं. गिऱ्हाईक आपल्या दारात यावं, बस.

देवाजी वरीसभर घासत राह्यला. लोकाइचे गालं कापले. पारावर लोकं हासत, "काऊन बे देवाजी, दाढी करून राह्यला का कोंबडी सोलून राह्यला?" मी बी हासली — हो, हासली. त्याले वाटलं, आपला हातच खराब. धंदा सोडला अन् सासरवाडीले गेला, सिरोंचाले, गोदावरीत जाळं टाकाले. चालीस वरसं.

यंदा उन्हाळ्यात आला. माहा नवरा गेलेला, पोरगा ब्लेडनं दुकान चालवते, आमच्या वाट्याचा चांगला गोटा पेटीत पडून. देवाजीचा गाल खरचटलेला दिसला — सोताची दाढी अजून त्याच वस्तऱ्यानं करते. मी गोटा काढून देल्ला. त्यानं पानी टाकलं, वस्तरा घासला, मनगटावरचे केस उतरवून पाह्यले. तोंडात दात नाई, तरी तोंडभर हासला. "म्हंजे माहा हात बराबर होता, वैनी!"

तवा तरी सांगाचं ना? मी म्हटलं, "वाटनीत चुकी झाली असन."

"तुले का समजते त्यातलं? तू का न्हावी हायस?" असं म्हने. मलेच समजावून राह्यला.

आता त्याचा फोन येते. सकारी ओट्यावर आरसा लावून बसते. म्हातारे दाढीले येतेत, तेलगूत भांडतेत, माहा नंबर म्हनून. आवाज जवान झाला त्याचा. ये म्हनते, वैनी, पाहाले ये.

सोमवारच्या गाडीनं जाऊन राह्यली. पयले त्याच्या हातून कोनाची तरी दाढी होऊ देईन, पाहीन. मंग सांगीन — चुकी नोती, देवाजी. म्या पाहूनच देल्ला.