कल्याणीचे अकरा दगड

सोलापूर सोडताना माझ्या ट्रंकेत एवढं सामान होतं: कापडी बांधणीची नोंदवही, मोजपट्टी, पितळी घंटा, ठळक अक्षरांत लिहिलेल्या चाळीस चिठ्ठ्या आणि दोन लुगडी. मुलींच्या शाळेत वीस वर्षं शिकवून अंगी एक सवय भिनली आहे. यादी केल्याशिवाय मी बाजारातही जात नाही.

संक्रांतीची सुट्टी होती. कल्याणीच्या काही इतिहासप्रेमी मंडळींनी तिथं एक लहानसं संग्रहालय उभं केलं आहे. हळदीकुंकवाच्या निमित्तानं बायकांसाठी एक सकाळ राखून ठेवायची, त्यांना जुन्या वस्तू दाखवायच्या, समजावून सांगायच्या, हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. तिथं मी नवखी नव्हते. आधीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस राहून मीच तिथल्या सगळ्या वस्तूंची नोंद केली होती. त्या कामाचा मला अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

गुलबर्गा स्टेशनात उतरलं की मोगलाई (निजामाचं राज्य) सुरू झाल्याचं करोडगिरीवाले (जकातीचे लोक) आठवणीनं कळवतात. माझी ट्रंक उघडून एका शिपायानं घंटा हातात घेतली, वाजवून पाहिली आणि विचारलं, "ये कायकू?"

"बायकांना गप्प करायला," मी म्हणाले.

"हमारे घरकू भी एक लाव," असं म्हणत त्यानं ती परत ठेवली.

कल्याणीची मोटार दोन तास उशिरा निघाली. रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना काळी रानं. ज्वारी कमरेच्या वर आलेली, मधून मधून तुरीचे पट्टे. धुळीपायी पदर तोंडाला धरूनच बसावं लागतं. मुडबीच्या दोन कोस अलीकडे एका गावात मोटार थांबली, आणि एका माणसानं सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला माझ्या शेजारी बसवलं. ड्रायव्हरला तो एवढंच म्हणाला, "मुडबीत तिची सासू चढतीया." मुलीकडे तो वळूनही न बघता निघून गेला. मुलीच्या मांडीवर एक गाठोडं होतं. नाव विचारलं तर "सुभद्रा" म्हणाली.

मुडबीला तिची सासू गंगाक्का आणि नवरा म्हादाप्पा चढले. सुभद्रा उठून सासूच्या पाया पडली. म्हादाप्पा बायकोकडे न पाहता पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसला. गंगाक्का साठीची, उंच, बोलायला मोकळी. माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहून म्हणाली, "शेरातल्या बायका घड्याळ बांधत्यात. मंग मोटार येळंवर येती का?"

"नाही येत."

"मंग कशाला वज्जं बाळगायचं?"

आम्ही दोघी हसलो. कुठं निघालात, असं मी विचारलं.

"अजायबघरात (संग्रहालयात). आमच्या वीराला भेटायला." मग सुनेकडे हात करून ती सांगू लागली. "लगीन होऊन आठ महिनं झालं, बाई. हिनं अजून माप वलांडलं न्हाई. आमच्यात नवी सून आधी वीराला शेंदूर लावती, मंग उंबऱ्यात पाय टाकती. माझ्या सासूनं तसंच केलं, म्याबी तसंच केलं. लगनाच्या पंधरा दिस आधी पाटलानं वीर गाडीत घालून धाडून दिला. आमी त्या दिवशी बाजाराला गेलो हुतो. अजायबघरात बायांना आत सोडायलेत ते आता ह्या संक्रांतीला."

"मग सूनबाई राहते कुठं?"

"बापाच्या घरी. गाव इचारायलंय, पोरगी नांदत कामून न्हाई म्हून. आता तिचा बाप म्हनतोय, ह्या खेपंला झालं न्हाई तर सोडचिठ्ठी द्या, पोरगी दुसरीकडं देतो. त्याचं तरी काय चुकलं?"

वीर म्हणजे वीरगळ: गावासाठी लढताना पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. मी ट्रंकेवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा वीर माझ्या वहीत आहे. उद्या सकाळी दहाला या. मी स्वतः दाखवते."

सुभद्रानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

कल्याणीला पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. संग्रहालयाची देखरेख करणारे वामनअण्णा, जुने शिक्षक, मोटारीपाशी उभे होते. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पुंडीपल्या (अंबाडीची भाजी) असं जेवण झालं. अंबाडीत तुरीची डाळ आणि भरपूर लसूण घालतात. मी दोनदा मागून घेतली. जेवताना मुडबीच्या बाईंची हकिकत सांगितली. अण्णांचा हात ताटातच थांबला.

"वहीत गावाचं नाव लिहिलं होतं का हो आपण?" त्यांनी विचारलं.

"असणारच," मी म्हणाले, आणि हात धुऊन वही काढली.

रकाने असे होते: अनुक्रमांक, उंची, रुंदी, कोरीव पट्ट्यांची संख्या, दगडाची स्थिती. गावाचा रकाना नव्हता. तीन गावांच्या गाड्या एकाच दुपारी आल्या होत्या. गाडीवानांनी अंगणात दगड उतरवले आणि बैल घेऊन निघून गेले. दगड भिंतीला नीट दिसावेत म्हणून मी ते उंचीप्रमाणे लावून घेतले आणि मग आकडे घातले. हे सगळं मला आठवत होतं. फक्त त्यात काही चुकलं असेल, असं तोवर कधी वाटलं नव्हतं.

"गंगाक्का ओळखतील की," मी म्हणाले.

सकाळी पन्नासेक बायका आल्या. पहिल्या खोलीत नाणी आणि कुलपं, दुसरीत तलवारी, ढाली आणि तांब्याचे हंडे. एक आजी हंड्याजवळ थबकली आणि म्हणाली, "ह्यो तर माझ्या घरीबी हाय. मला बी भितीला लावून ठिवा." खोलीभर हशा झाला. घंटा वाजवावी लागली. तिळगूळ वाटला, कुंकू लावलं. कागदावर पाहिलं तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

दहा वाजता मुडबीची तिघं आली. सुभद्रा हिरवं लुगडं नेसली होती. हातात शेंदूर-तेलाची वाटी होती. संग्रहालयात तेल न्यायला मनाई आहे, पण अण्णांनी तोंड दुसरीकडे वळवलं. मी त्यांना मागच्या पडवीत नेलं. उत्तरेच्या भिंतीला अकरा दगड उभे होते, धुतलेले, काळेभोर. प्रत्येकावर खाली लढाई आणि गाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर पिंडीची पूजा, शेंड्याला चंद्रसूर्य.

गंगाक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. परत आली.

"आमचा कुठाय?"

"यांतलाच एक."

"हे न्हाईत, बाई. आमचा वीर गोल हाय. हितं असं पोट हाय त्येला." तिनं हवेत दोन्ही हातांनी आकार केला. "तांबडा हाय. हे तर चितराचे दगड."

मला तेव्हा उमगलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराचा चार-चार बोटं थर त्या दगडांवर होता. तो मी गरम पाणी, सोडा आणि लाकडी पट्ट्या वापरून चार दिवस खरवडून काढवला होता. आतलं कोरीवकाम कधी कुणी पाहिलेलंच नव्हतं. मुडबीच्या माणसांना जे माहीत होतं, ते वरचं कवच.

मी मोजपट्टी काढली. "उंची किती होती?"

"माझ्या कमरंएवढी."

पण अर्धा दगड जमिनीत पुरलेला असायचा. इथं सगळे मुळापासून उभे होते. गंगाक्कानं डोळे मिटून एकेका दगडावर तळवे फिरवले. अकराव्यापाशी डोळे उघडले.

"त्येच्या अंगावरचं कुठं टाकलं?"

"मागच्या खड्ड्यात." माझ्या तेव्हाच्या यादीत 'कचरा बाहेर टाकणे' असं कलम होतं, आणि त्यावर बरोबरची खूण होती. तिला ते सांगितलं नाही.

ती मागं जाऊन आली. खड्ड्यावरून एक पावसाळा गेला होता. तिथं गवत होतं.

मला उपाय सुचला, कारण मला नेहमी सुचतो. "सगळ्यांनाच लावू द्या शेंदूर. अकरांत तुमचा आहेच ना?"

"धा जनांच्या घरचे मेलेले हायती ते," गंगाक्का शांतपणे म्हणाली. "त्येंच्यापुढं वाकवून सून माझ्या घरात घिऊ व्हय? कुनाचं काय संगं यील?"

म्हादाप्पा खाली पाहत म्हणाला, "आये, चालतंय की."

"तुला चालतंय रं. तुझ्या बाला चाललं असतं का?"

तेवढ्यात सुभद्रा सातव्या दगडापाशी गेली आणि म्हणाली, "आत्या, ह्योच हाय."

"तू कवा बघितलाईस?"

तिनं तो कधीच पाहिलेला नव्हता. मग गंगाक्का माझ्याकडे वळली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं बोट वहीवर ठेवलं. "बाई, ह्यात काय लिवलंय? सात नंबर आमचा हाय का? तुमी सांगा, म्या ऐकते."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. वीस वर्षांत मी वहीत खोटी नोंद केलेली नाही. मी म्हणाले, "तसं लिहिलेलं नाही, अक्का."

गंगाक्कानं सुनेच्या हातातली वाटी काढून घेतली. "चला," एवढंच म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या मोटारीत आम्ही चौघंही होतो. मुडबीला मायलेक उतरले. म्हादाप्पा खाली उभा राहून खिडकीकडे पाहत राहिला, आणि मोटार सुटल्यावर चार पावलं तिच्यामागं आला. सुभद्रा माझ्या शेजारी बसून होती. तिच्या माहेरच्या गावाच्या थोडं अलीकडे तिनं विचारलं, "तुमी हो म्हनला असता तर कुनाचं काय बिघडलं असतं, बाई?"

तेवढ्यात मोटार थांबली. तिचा बाप रस्त्यावर उभा होता. तिला एकटीला उतरताना पाहून त्यानं गाठोडं हातात घेतलं आणि काही न विचारता पुढं चालू लागला.

फाल्गुनात अण्णांचं पत्र आलं. सोडचिठ्ठी झाली होती. मुलीला आळंदच्या बाजूला एका बिजवराला दिलं.

वाचकांपैकी कुणी कल्याणीला जाणार असेल तर गुलबर्ग्याहून सकाळची मोटार धरावी, पाणी बरोबर घ्यावं, तोंडाला बांधायला फडकं ठेवावं. संग्रहालय पाहण्यासारखं आहे. वीरगळ मागच्या पडवीत उत्तरेच्या भिंतीला उंचीप्रमाणे लावलेले आहेत, आणि त्यांच्यावरची रेघ न्‌ रेघ आता स्वच्छ दिसते. त्यांतला एक मुडबीच्या एका घराचा आहे. तो कोणता, हे सांगू शकेल असं माणूस आता उरलेलं नाही.