पोशेऱ्याच्या चढावरचा ठोका

मोटार ठोकायला लागली की दोष ड्रायव्हरचा, हे आमच्या मिस्त्रींचं पक्कं ठरलेलं होतं. जव्हार संस्थानच्या मोटारखान्यात तेव्हा एक लहानशी मालमोटार होती. पुढं दोघांपुरती जागा, मागं उघडा हौदा. जव्हारहून मोखाड्याकडे मीठ, कापड न्यायचं आणि येताना हिरड्याची पोती भरून आणायची, हे माझं काम. भरली मोटार चढाला लागली की इंजिनातून टक् टक् आवाज यायचा, कुणी आत बसून हातोडी मारतंय असा. मिस्त्री म्हणायचे, "तुझा हात जड आहे." मी म्हणायचो, "पेट्रोलात खोट आहे. रॉकेल मिसळलं की ठोका येतो." मग ते माझ्याकडं न बघता पाना पुसत बसायचे. दोन वर्षं हा वाद चालला आणि एकदाही मी माघार घेतली नाही. तेव्हा स्वभावच तसा होता माझा.

मोखाड्याला टेकाडावर हिरड्याचं कोठार होतं. त्याला लागूनच राखणदाराचं खोपट. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. पडवीत पत्र्याचे दोन डबे असत, भिंतीकडचा मोटारीच्या पेट्रोलचा आणि दाराकडचा घरच्या दिव्याच्या रॉकेलचा. डबे अगदी एकसारखे, आणि चिठ्ठी लावावी तर वाचणारं कुणी नाही, म्हणून जागा हीच खूण. ती मीच ठरवून दिली होती आणि त्याचं मला कौतुकही होतं.

त्या दिवशी मी वहिनीनं वाढलेली नागलीची भाकर खात बसलो आणि मोटारीत पेट्रोल ओतायचं काम राखणदारावर सोपवलं. त्यानं भिंतीकडचा डबा टाकीत रिकामा केला आणि कामासाठी दूरच्या पाड्यावर निघून गेला. मी निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

टेकाड उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. जव्हारच्या वाटेवर पोशेऱ्याचा चढ लागला आणि इंजिन ठोकायला लागलं. असा ठोका मी कधी ऐकला नव्हता. ठिणगी पुढंमागं करायचा दांडा तेव्हा सुकाणूजवळच असे, तो मागं घेतला. पाय हलका केला. ठोका काही थांबेना. शेवटी मोटार उभी केली, इंजिनाजवळची नळी सैल करून चार थेंब तळहातावर घेतले. पेट्रोल हाताला गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. हे उडेना. तळवा तेलकटच राहिला. रॉकेल!

खरं सांगतो, मला आनंद झाला. रानात एकटाच उभा राहून मोठ्यानं हसलो. हाच हात मिस्त्रींच्या नाकासमोर नेऊन धरायचा, म्हणायचं, घ्या, वास घ्या.

हात पुसायला फडकं उचललं आणि हसू विरलं. टाकीत रॉकेल आलं, मग पेट्रोल कुठं गेलं? आजच, भाकरीला बसण्याआधी, पडवीत पोती रचताना दोन्ही डबे मीच बाजूला केले होते. परत ठेवताना माझ्याच हातून जागा बदलली होती. म्हणजे आता पेट्रोल दाराकडच्या डब्यात होतं, आणि दिवेलागणीला वहिनी त्याच डब्यातून दिवा भरणार होती. पेट्रोल भरलेल्या दिव्याला काडी लावली तर काय होतं, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि घरात तिची आठ महिन्यांची पोर होती.

मोटार कशी वळवली ते आठवत नाही. पोती उतरवून ओझं हलकं करावं, हेही सुचलं नाही. उतार होता तोवर ठीक, पण टेकाडाच्या चढावर मी पाय खालपर्यंत दाबला आणि इंजिन फुटलं तर फुटू दे म्हणालो. ते इतकं ठोकत होतं की सुकाणू हातात थरथरत होतं. सूर्य डोंगराआड गेला होता. खोपटात दिवा दिसतो का, एवढंच मी बघत होतो.

वहिनी दारापुढं उभी होती. कडेवर पोर, दुसऱ्या हातात काडेपेटी.

"काय झाला, दादा? मोटार लय ठोकं," ती म्हणाली. "काडी ओढणार तं आवाज आयकला, म्हनून बाहेर आले."

मी तिच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. आत दिवा काठोकाठ भरून ठेवलेला होता, शेजारी पुसलेली काच. दिवा उचलून लांब नेला, जमिनीवर ओतला. मग तिथंच बसलो. ओतलेलं पेट्रोल मातीवर बघता बघता वाळून गेलं.

"वहिनी, डबे मी चुकीचे ठेवले," मी म्हणालो. "यात रॉकेल नव्हतं. काडी लावली असती तर भडका उडाला असता."

तिनं त्या रिकाम्या दिव्याकडं बघितलं. मग पोर दुसऱ्या कडेवर घेतली आणि हळूच म्हणाली,

"दिवा लावताना रोज हिला मांडीवर घेते मी. हिला उजेड बगाया आवडं."