एमिलची हजेरी

ओट्टो सर गेल्याची बातमी आम्हाला अबुधाबीत कळली ती कंपनीतल्याच एका जर्मन इंजिनियरकडून. तो सुट्टीवरून परतला होता. वर्कशॉपच्या दारात उभं राहून त्यानं सांगितलं आणि मशीनं एकेक करून बंद झाली... महिना उलटून गेला, तरी संध्याकाळच्या वर्गात अजून कुणी खडू हातात घेतलेला नाही.

आम्ही सगळे रत्नागिरी-रायगडकडचे मुसलमान, तेल कंपनीत आलो ते ओझी उचलायला. शिफ्ट सुटल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी आम्हाला मशीनचं ड्रॉइंग वाचायला शिकवलं. त्यांच्या जर्मनीत म्हणे पोरं थोडे दिवस कारखान्यात, थोडे दिवस शाळेत असं करत कारागीर होतात. माणूस मोठा प्रेमळ, पण वेळेच्या बाबतीत निव्वळ जाच! त्यांची एक सवय मात्र अंगावर काटा आणायची. हजेरीत आमची नावं संपली की ते "एमिल" अशी हाक मारत आणि थांबत. आमच्यात एमिल कुणीच नव्हता. सर मान जराशी कलती करून ऐकत राहायचे, आणि आम्हीही श्वास रोखून ऐकायचो... मग धडा सुरू व्हायचा.

दाभोळचे सुलेमानचाचा आमच्यात वडीलधारे. ते एकदा म्हणाले, "सर कुणाला तरी बोलावतायत रे. उद्या तो खरंच आला म्हणजे?" तोडगाही त्यांनीच काढला. गेलेल्या माणसासाठी करतात तसा गोड मलिदा करून गुरुवारी वर्गातच एमिलच्या नावानं फातिहा दिली. सर आले, ताटाकडे बघत राहिले.

"सर, एमिल के लिए," चाचा म्हणाले. "अब वो आराम करेगा, इन्शाल्ला. खलास."

सर पांढरेफटक पडले. "मर गया, किसने बोला? मालूम नहीं. किसी ने पूछा ही नहीं."

त्या दिवशी ड्रॉइंग राहिलं बाजूला, सर आपल्या घरची गोष्ट सांगत बसले. सरांच्या पणजोबांना सही येत नव्हती. शाळा सक्तीची झाली म्हणून आजोबा फोरमन झाले, वडील इंजिनियर. शाळेनं अख्खं गाव वर आणलं. आणि सर लहान असताना त्याच शाळेत, त्याच बाकांवर, पोरांना गप्प राहायला शिकवलं गेलं. एका सकाळी मास्तरांनी हजेरीत एमिलचं नाव घेतलंच नाही. तो यहुदी होता. सगळा वर्ग हुशार, पण कुणी तोंड उघडलं नाही. सरांनीही नाही. एमिल कसा होता, तेही बारीकसारीक सांगून सरांनी मलिद्याचा घास घेतला आणि ते लहान मुलासारखे रडले.

इंजिनियरनं आणखी एक गोष्ट सांगितली. या सुट्टीत सर गावी जाऊन जुन्या वर्गमित्रांना भेटत हिंडले. कुणी डॉक्टर झालेला, एक तर त्याच शाळेत मास्तर. प्रत्येकानं कॉफी पाजून, हसतमुखानं सांगितलं की, एमिल नावाचा मुलगा आपल्या वर्गात कधी नव्हताच. शाळेतल्या फोटोतही तो सापडला नाही. सर हॉटेलवर परतले आणि दुसऱ्या दिवशी उठलेच नाहीत.

 ऐकून सरांनाच भास होत असावा का, असं क्षणभर मनात आलं, आणि त्या क्षणाचीच मला जास्त भीती वाटली. आता त्या मुलाला ओळखणारे जगात उरलो ते आम्हीच, ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही. म्हणून हे छापायला देतोय. एमिल त्या वर्गात होता. डावखुरा होता, बाहीला कायम शाई लागलेली. पाढे त्याला यायचे नाहीत. शीळ मात्र छान घालायचा.